न्हाणीघराची कडी

दिवाळी जवळ आली की माझ्या डोक्यात एक वही उघडते. कुणाला काय द्यायचं, त्याची. दादाला शर्टपीस (तो शिवत नाही, कपाटात ठेवतो), भाच्याला पुस्तक (तो वाचत नाही, कपाटात ठेवतो), आईला मऊ सुती गाऊन, आणि वहिनीला... वहिनीपाशी येऊन गेल्या वर्षी माझी वही अडली. त्या अडण्याचीच ही गोष्ट. मध्ये मध्ये थोडा इतिहास येणार आहे, तो नेहमीप्रमाणे सहन करा.

आमची आई तीन वर्षांपासून अंथरुणावर आहे. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं-अर्धं राहिलं. ती सांगलीला दादाकडे असते. 'दादाकडे' हा शब्द किती सोयीचा आहे बघा! खरं तर ती वहिनीकडे असते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. जेवण मिक्सरमधून काढायचं, औषधांच्या पाच वेळा सांभाळायच्या, डायपर, चादरी, व्यायाम. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एक मावशी येतात आणि त्या वेळात वहिनी शाळेत शिकवायला जाते. म्हणजे चाळीस पोरांचा वर्ग हीच तिची विश्रांती! मी पुण्यात. महिन्यातून दोन दिवस जाते, फळं नेते, आईचे केस विंचरते आणि परत येताना स्वारगेटपर्यंत अपराधी वाटून घेते. स्वारगेटला उतरलं की रिक्षा शोधण्याच्या गडबडीत ते विसरायला होतं.

तर गेल्या वर्षी नवरात्रात मी फोनवर वहिनीला सरळच विचारलं, "दिवाळीला तुला काय आणू? 'काही नको' म्हणायचं नाही आणि 'काहीही चालेल' असंही म्हणायचं नाही."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "वन्सं, खरं सांगू? बाथरूमला आतून कडी लावून अर्धा तास. बाहेरून कुणी हाक मारायची नाही. आणता येतंय का बघा."

('वन्सं' ती मला चिडवायलाच म्हणते. एरवी नावानेच हाक मारते.)

आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला हसू येईना.

मग मी सगळे करतात तेच केलं. दुकानात गेले. हल्ली अशा थकलेल्या बायकांसाठी तयार टोपल्याच मिळतात. वर जिलेटीनचा चकचकीत कागद, रिबीन, आत लव्हेंडरचा साबण, सुगंधी मेणबत्ती, टाचा घासायचा दगड, अंग घासायची जाळी, रंगीत क्षारांची बाटली. 'सेल्फ केअर' म्हणतात त्याला. मी ती टोपली हातात घेतली आणि माझ्या मनात आलं, म्हणजे स्वतःची काळजी घ्यायचं कामही पुन्हा तिच्याच यादीत! शिवाय टोपलीतल्या एकूण एक वस्तूला तीन गोष्टी लागतात: ऊन पाणी, मोकळा वेळ आणि बंद दार. त्या तीन गोष्टी काही टोपलीत नव्हत्या.

आमच्याकडे याचा एक अनुभव आधीच होता. अमेरिकेतल्या भाचीने दोन वर्षांपूर्वी आपल्या आईसाठी असाच एक सुंदर डबा पाठवला होता. त्यात बाथ बॉम्ब. टेनिसच्या चेंडूएवढा गोळा, टबात टाकला की फसफसतो आणि पाण्याला रंग-वास येतो. १९८९ मध्ये मो कॉन्स्टंटाइन नावाच्या एका इंग्रज बाईंनी हा शोध लावला. पण सांगलीच्या आमच्या बाथरूममध्ये टब कुठून असणार? वहिनीने तो बादलीत टाकला. सगळा फेस बादलीबाहेर, पाणी गर्द जांभळं, आणि तेवढ्यात आईने हाक मारली म्हणून वहिनी तशीच ओली बाहेर आली. फरशीवर जांभळी पावलं! त्यानंतर तीन दिवस ती मोरी घासत होती. भेट मिळाली ती ही.

असो. टोपली न घेता घरी आले आणि म्हटलं, आपल्याकडे दिवाळी म्हणजे मुळात न्हाण्याचाच सण. मग थकलेल्या बाईला न्हाऊ घालायची आपली काही रीत असेलच की! ती शोधू आणि तीच देऊ. या भाबड्या समजुतीने मी वाचायला बसले.

सुरुवात तर फार छान झाली. अल् बिरुनीने इ.स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाबद्दल जे मोठं पुस्तक लिहिलं, त्यात दिवाळी आहे. लोक स्नान करतात, चांगले कपडे घालतात, एकमेकांना विड्याची पानं आणि सुपारी भेट देतात, रात्री दिवे लावतात, असं तो सांगतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही न्हाणं आणि देणं एकाच वाक्यात होतं. आणि भेट काय, तर पान-सुपारी! जिलेटीनचा कागद नाही, रिबीन नाही.

त्याच्याही मागे गेलं की वाग्भट. साधारण सातव्या शतकातला त्याचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ. त्यातल्या दिनचर्येच्या अध्यायात तो सांगतो, अंगाला रोज तेल लावावं, त्याने म्हातारपण, श्रम आणि वात दूर राहतात. डोकं, कान आणि पाय यांना तर विशेषकरून लावावं. मला त्यातला 'श्रम' हा शब्द फार आवडला. तेल कांतीसाठी आहेच, पण त्याआधी ते थकव्यासाठी आहे. डोकं, कान, पाय. आईच्या आजारपणात रात्री दोनदा उठणाऱ्या बाईचं नेमकं काय काय दुखतं, ते या वैद्याला तेराशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं म्हणायचं. फक्त तेल लावायचं कुणी, याबद्दल तो गप्प आहे.

ते कळतं ते 'मानसोल्लास' वाचताना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने हा ग्रंथ ११३० च्या आसपास सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आताचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. तेव्हा महाराष्ट्राचा मोठा भाग याच राजाखाली होता. ग्रंथाच्या एका भागात राजाने कुठकुठले उपभोग घ्यावेत ते वीस प्रकरणांत सांगितलंय. त्यात स्नानाचं वेगळं प्रकरण. तेल, मर्दन, सुगंधी उटी, स्नान. त्याच्यापुढे विलेपनाचं वेगळं, तांबुलाचं वेगळं. आपलं दिवाळीचं अभ्यंगस्नान राजेशाही थाटात बघायचं असेल तर ते इथे बघावं.

आणि गंमत (गंमत तरी कसं म्हणू?) अशी, की याच ग्रंथात आपली मराठी बाईही आहे. संगीताच्या प्रकरणात सोमेश्वर सांगतो, महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी म्हणतात. मराठी ओवीचा हा अगदी जुना उल्लेख, म्हणून अभ्यासक तो आवर्जून सांगतात. मीही तो कितीदा वाचला असेन. पण यावेळी माझं लक्ष वेगळीकडे गेलं. एकाच पुस्तकात राजा न्हातोय आणि बाई कांडतेय. राजाच्या न्हाण्याला प्रकरण, बाईच्या घामाला एक ओळ. तीही ती गाते म्हणून!

इथे मी पुस्तक मिटलं आणि आमच्या जुन्या घरातली दिवाळी आठवायला लागले.

तुम्हालाही आठवत असेल. नरकचतुर्दशीची पहाट, चार वाजता आई उठलेली. तांब्याचा बंब, त्यात कोळसे आणि नारळाच्या करवंट्या, धुराचा आणि तेलाचा मिसळलेला वास. पाटाभोवती रांगोळी. वाटीत कोमट तेल, दुसऱ्या वाटीत दुधात भिजवलेलं उटणं. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची वाळवलेली साल हे सगळं आईच कुटायची. आधी आजोबा, मग बाबा, मग दादा, मग आम्ही मुली. प्रत्येकाची पाठ आईच चोळायची. अर्ध्या आंघोळीत ओवाळणं, अंगठ्याखाली कारीट फोडणं, बाहेर फटाके, आत फराळाची ताटं. आई केव्हा न्हायची? मी खूप आठवून पाहिलं, दादालाही विचारलं. दोघांनाही आठवेना. बहुधा आम्ही फटाके उडवत असताना, बंबातलं पाणी कोमट झाल्यावर, दहा मिनिटांत. तिच्या पाठीला तेल कुणी लावलं असेल, हा प्रश्न मला या वयात प्रथमच पडला.

पाडव्याचं तर विचारूच नका. पाडवा म्हणजे नवरा-बायकोचा दिवस. त्या दिवशी बायको नवऱ्याला तेल-उटणं लावते, न्हाऊ घालते, ओवाळते आणि नवरा ताटात ओवाळणी टाकतो. म्हणजे थकायचं बायकोने आणि त्याची भरपाई नोटेने किंवा दागिन्याने! भाऊबिजेलाही तेच, बहीण न्हाऊ घालते, भाऊ ओवाळणी घालतो. मी रीतीला नावं ठेवत नाही. मला स्वतःला ओवाळायला आवडतं. फक्त आपल्या सगळ्यात मोठ्या सणात स्पर्श बाईकडून जातो आणि वस्तू बाईकडे येते, हा हिशोब मी कधी मांडला नव्हता. आईला मिळालेल्या ओवाळण्या मला पाठ आहेत. दोन साड्या, एक नथ, एक वर्ष कुकर, एक वर्ष मिक्सर. कुकर-मिक्सर तर आमच्याच जेवणासाठी!

मग बाईच्या अंगाला तेल लागायचं तरी केव्हा? दोनच जागा सापडल्या. एक बाळंतपण. सव्वा महिना तेल, शेक, ओवा-शेपांची धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. लावणारी सुईण किंवा आई. आणि दुसरी जागा माहेर. दिवाळीला लेक माहेरी आली की आई तिला पाटावर बसवून न्हाऊ घालायची. थकलेल्या बाईसाठी आपल्याकडे हीच एक सोय केलेली होती. ती वस्तू नव्हती, माणूस आणि जागा होती.

जात्यावरच्या ओव्या पाहिल्या की हे लख्ख कळतं. गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्याआधी साने गुरुजींनीही 'स्त्री जीवन'साठी ओव्या जमवल्या होत्या. या ओव्यांमधून पुन्हा पुन्हा वाट पाहिली जाते ती भावाची. तो न्यायला येईल, साडीचोळी घेईल, चार दिवस माहेरी ठेवील. भाऊ आला म्हणजे जातं चार दिवस थांबणार! साडीचोळीच्या घडीत खरी भेट ती होती, असं मला वाटतं.

वहिनीचं माहेर? तिची आई गेली, भाऊ परगावी. आणि ती चार दिवस गेली तर आमच्या आईची कूस कोण बदलणार?

आता साबणाकडे वळते, कारण साबणाशिवाय आपल्या पिढीची दिवाळी सांगताच येत नाही. उटण्याच्या वाटीशेजारी साबण येऊन बसला त्याला शंभर वर्षं होऊन गेली. पहिल्या महायुद्धात म्हैसूरचं चंदन युरोपात जाईना, तेव्हा संस्थानाने १९१६ मध्ये बंगळूरला चंदनतेल काढायला सुरुवात केली आणि त्यातून म्हैसूर सँडल सोप जन्माला आला. १९१८ च्या सुमारास गोदरेजांनी चरबीऐवजी वनस्पती तेलापासून केलेला 'चावी' छाप साबण आणला, म्हणजे सोवळ्यातल्या घरांचीही अडचण गेली. १९४१ च्या आसपास लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस आल्या. जाहिरातीतला त्याआधीचा चेहरा विलायती नट्यांचा, त्यामुळे आपली नटी दिसणं ही मोठीच गोष्ट. आणि मग आपला मोती. टाटा ऑइल मिल्सचा, गोल, गुबगुबीत, हातात न मावणारा. १९९३ मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली, पण आमच्याकडे दिवाळीला मोती येतच राहिला.

भेट म्हणून मात्र मान म्हैसूर सँडलचा. दागिन्याच्या डबीसारखी त्याची डबी! पाहुण्यांनी दिलेला तो साबण आई कधी वापरायची नाही. साड्यांच्या घडीत ठेवायची, वास लागावा म्हणून. तुमच्याकडेही ठेवत असतील. आई अंथरुणाला खिळल्यावर आम्ही तिचं कपाट आवरलं, तेव्हा पैठणीखाली तीन डब्या निघाल्या, न फोडलेल्या. एकीवरची किंमत पाहून मी आणि वहिनी किती वेळ तशाच बसलो होतो. तिला लोकांनी तिच्यासाठी म्हणून दिलेली, फक्त तिच्या अंगासाठी दिलेली एवढी एकच वस्तू, तीही साड्यांनाच लागली.

आता कडी. वहिनीने मागितली होती ती.

पूर्वी घरात न्हाणीघर असलं तरी ते बाईचं नसायचंच. तिथे पाणी तापायचं, भांडी घासली जायची, धुणं व्हायचं. मुंबईच्या चाळीत तर न्हाणीघरही नाही, खोलीच्या कोपऱ्यातली मोरी. १९२० च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधल्या, त्यातली खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामायिक. सात-आठ माणसांच्या त्या खोलीत बाईने आंघोळ करायची म्हणजे पुरुष बाहेर गॅलरीत, मोरीला साडीचा पडदा, आणि उरक उरक म्हणणारी घाई. डिलाईल रोडला राहिलेली माझी मोठी मावशी सांगायची, लग्नानंतर बारा वर्षं तिने ओल्या अंगाने उभं राहून कधी दोन मिनिटं काढली नाहीत.

आणि वेळ? १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत महालक्ष्मीला गिरणी कामगारांची मोठी सभा झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने. आठवड्याची सुट्टी हवी ही मागणी. दहा हजारांवर माणसं होती आणि त्यात दोन कामगार बायका भाषणाला उभ्या राहिल्या होत्या. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी लोळतो तो त्या लोकांच्या जिवावर. पण त्या दोन बायका त्या पहिल्या रविवारी घरी काय करत असतील? धुणं साठलेलं, पोरांची डोकी न्हायला घालायची... गिरणी बंद झाली, मोरी कुठे बंद होते? सरकारने २०१९ मध्ये देशभर लोक दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. माणसांची सेवाशुश्रूषा त्यात धरलेली नाही, ती वेगळी. वहिनीचा अर्धा तास त्या २९९ मधून कुणी कापून द्यायचा, हा खरा भेटीचा प्रश्न.

जाता जाता एक गंमत सांगते. 'शाम्पू' हा शब्द आपलाच, चांपण्यावरून गेलेला. पाटण्याचा शेख दीन महंमद नावाचा माणूस १८१४ मध्ये इंग्लंडात ब्रायटनला गेला आणि त्याने तिथे वाफेचं स्नान आणि चंपीचं दुकान थाटलं. इतकं चाललं, की राजा चौथा जॉर्ज याचा तो 'शाम्पूइंग सर्जन' झाला! पुढे त्या शब्दाचा अर्थ चोळण्यावरून केस धुण्याकडे सरकला, बाटलीत भरला आणि आपल्याकडे परत आला. जाताना त्यात माणसाचे हात होते. येताना फक्त बाटली आली. दुकानातल्या त्या टोपलीत मला काय कमी वाटत होतं ते इथे कळलं.

तर मी काय दिलं?

मी शाळेला... चुकले, ऑफिसला आठ दिवसांची रजा टाकली आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी सांगलीला गेले. नेहमी मी भाऊबिजेला सकाळी जाते आणि संध्याकाळी परत येते. यावेळी आधी जायचं कारण साधं होतं. दिवाळीत आईच्या मावशी पाच दिवस सुट्टीवर जातात. त्यांनाही घर आहे, दिवाळी आहे, त्यांनाही पहाटे उठून सगळ्यांच्या पाठी चोळायच्या असतात. म्हणजे आमच्या घरातली दिवाळी ही वहिनीच्या वर्षातली सगळ्यात जड पाच दिवसांची पाळी. आणि नेमक्या तेव्हाच आम्ही भेटी घेऊन, हसत हसत, जेवायला जायचो!

पहिले दोन दिवस मी नुसती शिकले. तीन वर्षं 'आईचं करते' म्हणवणाऱ्या मला तिची कूस नीट बदलता येत नव्हती. वहिनीने दाखवलं, आधी गुडघा वाकवायचा, मग खांद्याखाली हात, ओढायचं नाही, वळवायचं. दादालाही उभं केलं. त्याने आईचा डायपर कधी बदलला नव्हता. "मला जमणार नाही, ती माझी आई आहे," असं काहीतरी म्हणाला. वहिनी काही बोलली नाही. मीच म्हटलं, "दादा, तिची तर सासू आहे." तो गप्प झाला. घरात संध्याकाळभर तणाव होता, हे कबूल करते. गोड गोड काही नव्हतं. चकल्याही त्या दिवशी मऊ पडल्या.

नरकचतुर्दशीला साडेचारला मी वहिनीला उठवलं. नेहमी ती उठवते. पाटावर बसवलं. ती इतकी अवघडली होती, की पाठ ताठ करून परीक्षेला बसल्यासारखी बसली. "अगं राहू दे, मी लावते माझं मी," तीनदा म्हणाली. मी वाग्भटाच्या हुकमाप्रमाणे डोक्याला तेल लावलं, कानांत दोन दोन थेंब, मग पाय. तिच्या टाचा पाहून मला वाईट वाटलं. उजव्या खांद्याची गाठ हाताला लागली, आईला उचलून उचलून झालेली. उटणं लावताना एकदम म्हणाली, "बाळंतपणानंतर कुणी असं तेल लावलेलं मला आठवत नाही." भाची आता एकोणतीस वर्षांची आहे.

मग ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

मी घड्याळ बघितलं, पाच वाजून दहा. आईजवळ बसले. दादा दोनदा न्हाणीघराच्या दाराशी गेला. एकदा सुपारी कुठे आहे विचारायला, एकदा धूतवस्त्र. दोन्ही वेळा मी ओठावर बोट ठेवलं. दुसऱ्या वेळी तो स्वतःशीच हसला आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळे डबे उघडत बसला. सुपारी सापडली, तिसऱ्या डब्यात. तीस वर्षं त्याच घरात राहतोय!

आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, मग थांबला, मग बराच वेळ काही नाही. आई जागी होती. डाव्या हाताने तिने माझी बाही ओढली आणि न्हाणीघराकडे मान करून अर्धवट काहीतरी म्हणाली. मला 'गरम' एवढंच कळलं. पाणी गरम आहे ना, असं विचारत असावी. मी म्हटलं, "हो आई, गरम आहे." तिने डोळे मिटले.

वहिनी पाच पन्नासला बाहेर आली. चाळीस मिनिटं. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "गिझर फारच लहान आहे हो आपला." मग चहा प्यायली, फराळ अर्धा टाकला आणि सकाळी साडेआठला, दारात पाहुणे यायच्या वेळी, गाढ झोपली. पाहुण्यांना मी आणि दादाने चिवडा दिला. कुणाचं काही अडलं नाही.

दुपारी तिने आणि मी मिळून आईला अंथरुणातच पुसून काढलं. आईच्या कपाटातल्या तीन डब्यांपैकी एक फोडली. वास थोडा उतरला होता, पण होता. आईने तो ओळखला. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पण तसं ते हल्ली येतंच, म्हणून मी त्याचा फार अर्थ लावत नाही.

मावशी परतल्या तेव्हा वहिनीने त्यांना दुसरी डबी दिली आणि बजावलं, "साड्यांत ठेवायची नाही." तिसरी ती स्वतः वापरतेय.

भेटवस्तू देऊच नये असं माझं म्हणणं नाही. साबण द्या, तेल द्या, चांगल्या कंपनीचं उटणं द्या. पण त्यासोबत ऊन पाणी, दार आणि दाराबाहेर उभं राहणारं माणूसही द्या. आणि ते एकदाच देऊन भागत नाही. फ्रिजवर आम्ही एक कागद लावलाय. दर रविवारी सकाळी आईचं सगळं दादा करतो, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मी जाते. दादाने आतापर्यंत दोन रविवार चुकवलेत, मी एक शनिवार. वहिनीने त्या कागदावर चुकलेल्या दिवसांना लाल पेनने गोल केलेत, शाळेतल्या वह्या तपासतात तसे.

या दिवाळीला तिला विचारलं, काय आणू? म्हणाली, "मोठा गिझर."

तो घेतलाय. तुमच्याकडे घरात शेवटी कोण न्हातं, हे यंदा जरा बघून ठेवा. दिवाळीच्या शुभेच्छा!